नखाएवढ्या चौकटीत काकवी: छोट्या गेमचं कव्हर कसं करावं

स्टोअरवर तुमच्या गेमचं कव्हर बघायला म्हणून कोणी येत नाही. माणूस दुसरंच काहीतरी शोधत असतो, अंगठा स्क्रीनवर सरकत असतो, आणि त्या ओघात तुमचं चित्र एका इवल्याशा चौकटीत क्षणभर समोर येतं. तेवढ्यात त्याला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: या खेळात माझं बोट काय करणार, आणि खेळाचं नाव काय. पार्श्वभूमी, सावल्या, पोत, पात्राचे कपडे, सगळं या दोन गोष्टींच्या कामाला जुंपायचं. जे जुंपलं जात नाही ते चित्रातून काढायचं.

मी कोल्हापुरात चित्रं काढते. आप्पा लक्ष्मीपुरीत दुकानांचे बोर्ड रंगवायचे, अक्षरं मी त्यांच्या हाताखाली शिकले. पुढं कला महाविद्यालय केलं आणि आता एकट्यादुकट्यानं गेम बनवणाऱ्यांसाठी कव्हरं आणि आयकॉन करते. उदाहरण म्हणून घरचाच खेळ घेते, कारण त्याचा प्रत्येक कच्चा कागद माझ्याकडं आहे. माझ्या चुलतभावानं ‘काकवी’ नावाचा खेळ केलाय. काकवी म्हणजे उसाचा रस आटवताना होणारा दाट पातळ गूळ. वरून काकवीची धार सुटते, बोटानं रेघ ओढून ती वळवायची, खालच्या साच्यात पोचवायची आणि वाटेत टपलेल्या मुंगळ्यांना चाटू द्यायची नाही. एक डाव मिनिटभरात संपतो. स्टँडवर बसची वाट बघताना खेळावा असा.

आधी वाक्य, मग चित्र

पेन्सिल हातात घेण्याआधी एक वाक्य लिहा. त्यात क्रियापद हवं, आणि ते बोटाचं हवं. ‘गुऱ्हाळावरचा मजेदार खेळ’ हे चालणार नाही, त्यातून काढायला काहीच मिळत नाही. ‘मुंगळ्याच्या तोंडात पडण्याआधी काकवी वळवायची’, हे चालेल. यातून पात्र मिळालं, वस्तू मिळाली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्षण मिळाला.

क्षण नेहमी ‘होण्याआधीचा’ निवडा. काकवी साच्यात पडून साचा भरलेला दाखवला, तर बघणाऱ्यासाठी काही उरलंच नाही. मुंगळ्यानं ती खाऊन टाकलेली दाखवली, तरी खेळ संपला. पण मुंगळा मान वर करून आ वासून बसलाय आणि थेंब त्याच्या तोंडापासून वीतभर वर लोंबतोय, हे दिसलं की बघणाऱ्याचं बोट आपोआप शिवशिवतं. कॅज्युअल खेळाला यापेक्षा जास्त कथा लागत नाही.

भावाला हे पटायला वेळ लागला. त्याला कव्हरवर सगळं गुऱ्हाळ हवं होतं: चरक, चुलवाण, काहील, चिपाडाचा ढीग, गुळव्या, मागं उसाचं रान.

“ताई, गुऱ्हाळच दिसलं नाही तर लोकांना कळणार कसं?”

“गुऱ्हाळ आत दाखव की. स्क्रीनशॉट त्यासाठीच असतात. दारात फक्त मुंगळा उभा कर.”

हा वाद प्रत्येक गेमच्या वेळी होतो. खेळ बनवणाऱ्यानं चुलवाणाचा जाळ हलता दिसावा म्हणून रात्री घालवलेल्या असतात, आणि ते कव्हरवर नसणार म्हटलं की त्याला लागतं. चित्रकारानं इथं ठाम राहावं, पण ऐकूनही घ्यावं. भावाच्या त्या यादीतली एकच गोष्ट मी उचलली, काहिलीचा, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईचा, काठ. तो का, ते पुढं येईल.

सगळ्यात लहान चौकट आधी

गूगल प्लेला आयकॉन ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा द्यावा लागतो, पण शोधयादीत तो नखाएवढा दिसतो. संगणकावरचे गेम विकणारं स्टीम छोटी कॅप्सूल (तिथल्या याद्यांत दिसणाऱ्या कव्हराला कॅप्सूल म्हणतात) ४६२ बाय १७४ ची मागतं, आणि यादीत ती त्याच्या निम्म्यानं किंवा त्याहून लहान दिसते. इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या स्टोअरवर कव्हर ६३० बाय ५०० चं द्यायचं, पण ३१५ बाय २५० ला ते नीट दिसलं पाहिजे. बहुतेक जण मोठं, सुंदर चित्र आधी करतात आणि शेवटी ते आकसून या चौकटींत बसवतात. उलट करा. जे चित्र लहानात उभं राहतं ते मोठं करताना त्यात भर घालता येते. मोठं चित्र लहान करताना मात्र त्यातलं काय मरेल, ते तुमच्या हातात राहत नाही.

वहीच्या पानावर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटी आखा आणि जाड मार्करनं काढायला लागा. बारीक टोकाची पेन्सिल घेऊ नका, ती तुम्हाला मिशा आणि पापण्या काढायला लावते. जाड मार्कर फक्त आकार काढू देतो. पान भरेपर्यंत थांबू नका. पहिल्या ओळीतल्या कल्पना सगळ्यांनाच सुचतात, जरा वेगळं काही येतं ते पानाच्या खालच्या अंगाला. मग वही टेबलावर उभी करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. आप्पा बोर्डाचा खडूचा आराखडा झाला की ब्रश उचलण्याआधी रस्ता ओलांडून पलीकडं जायचे, तिथून जे अक्षर अडखळेल ते पुसून पुन्हा आखायचे. कव्हरचंही तसंच आहे, फक्त इथं रस्ता फोनच्या आत आहे.

कोल्हापुरात हे ज्ञान जुनं आहे. मूकपट काढणारे चित्रकार बाबूराव पेंटर सिनेमाकडं वळले ते नाटकांचे पडदे रंगवता रंगवता, आणि पडदा रंगवणाऱ्याला शेवटच्या रांगेतला प्रेक्षक विसरून चालत नाही. आपल्याकडं कव्हर करायला बसलेल्या पोरांनी जुन्या रंगवलेल्या पोस्टरांचे फोटो जरूर बघावेत: चेहरा केवढा, नाव केवढं, आणि रिकामी जागा किती धीटपणे सोडलेली असते. आजच्या चौकातल्या फ्लेक्सवरून मात्र काही शिकू नका. तिथं पन्नास चेहरे असतात कारण प्रत्येकाला आपला चेहरा हवा असतो. रस्त्यावरच्या माणसासाठी तो बनवलेलाच नसतो.

उजेड-अंधार ठरल्याशिवाय रंग नको

तिकिटाएवढ्या चौकटीतला एक आकार निवडला की तो तीनच छटांत भरा: गडद, मधली, उजळ. काळी-करडी-पांढरी. मुख्य वस्तू आणि तिच्यामागची जागा यांच्यात उजेडाचा फरक ठसठशीत हवा. लाल आणि हिरवा एकमेकांशेजारी डोळ्यांत भरतात, पण करड्यात दोन्ही सारखेच निघाले तर लहान आकारात त्यांचा चिखल होतो. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर क्रिटा, गिंप, फोटोशॉप, काहीही वापरा. सगळ्यात वर रंग उडवणारा एक थर कायम ठेवा आणि काम करताना मधूनमधून तो चालू करून बघा. क्रिटा फुकट आहे, त्यात ‘एम’ दाबलं की चित्र आरशासारखं उलटं दिसतं, तोही डोळा ताजा करायचा सोपा उपाय.

रंग निवडताना चित्राच्या बाहेरची भिंत ध्यानात घ्या. स्टीमचं पान गडद निळसर आहे. रात्रीचं निळं दृश्य कव्हरवर घातलं, तर त्याच्या कडा पानात विरघळतात. गूगल प्ले कुणाच्या फोनवर पांढरं, कुणाच्या फोनवर काळं. पांढऱ्यावर फिका पिवळा आयकॉन दिसतच नाही. ‘काकवी’चा जीव पिवळ्या-तांबूस रंगात आहे, म्हणून मागची जमीन मी गडद जांभळी घेतली, उसाच्या जांभळ्या कांड्याची. दोन्ही भिंतींवर ती टिकते, आणि काकवी तिच्यावर उजेडासारखी पेटते. मुंगळा खरा तर काळा, पण गडद जमिनीवर काळा मुंगळा म्हणजे न काढल्यासारखाच. त्याला विटकरी केला आणि वरून येणारा काकवीचा पिवळा उजेड त्याच्या डोक्यावर आणि मिशांच्या टोकांवर पाडला. रंग खरा असण्यापेक्षा आकार सुटा दिसणं महत्त्वाचं.

डोळे मोठे ठेवा आणि त्यांची नजर वस्तूकडं लावा. माणूस चित्रातल्या नजरेमागं जातो. मुंगळा बघणाऱ्याकडं बघत असता तर थेंबाकडं कुणाचं लक्षच गेलं नसतं. मोबाइल गेमच्या आयकॉनवर किंचाळणाऱ्या चेहऱ्यांची जी रांग लागलेली असते, तिच्यात आणखी एक चेहरा उभा करू नका. त्या गर्दीत शांत, एकाग्र चेहराच उठून दिसतो.

अक्षरं

इथं मी जरा थांबणार आहे, कारण देवनागरी लोगोवर आपल्याकडं फार कमी मेहनत घेतली जाते. नाव फाँटमधून टाइप करायचं, त्याला पिवळी कड आणि काळी सावली द्यायची, झालं.

देवनागरी ओळ उभी जागा खूप खाते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. छोट्या कॅप्सूलच्या पट्टीत नाव बसवताना वरखालच्या या पसाऱ्यामुळं मधलं मूळ अक्षर आकसतं, आणि वाचलं जातं ते मूळ अक्षरच. खेळाचं नाव अजून ठरायचं असेल, तर त्याचं रूप आत्ताच लिहून बघा. आमच्यासमोर ‘गुऱ्हाळ’ आणि ‘काकवी’ अशी दोन नावं होती. पहिल्यात खाली उकार, मध्ये ऱ्ह, पट्टीत तो बारीक गुंता होतो. ‘काकवी’त खाली काहीच नाही, वर एकच वेलांटी, आणि दोन क शेजारी आल्यानं एक ठेका तयार होतो. दोन्ही नावं अर्थानं चांगली होती, निकाल लावला तो अक्षरांनी.

नाव आधीच पक्कं असेल तर अक्षराला हाताळायला शिका. वेलांटीचा उंच फुगारा दाबून शिरोरेषेच्या जवळ आणता येतो. उकार आडवा पसरवता येतो. शिरोरेषा जाड ठेवा, तिच्यामुळं शब्द एकजीव राहतो. उसळी यावी म्हणून अक्षरं सुटी करून वरखाली उडवायची असतील, तर शिरोरेषेचे तुकडे एकमेकांना निदान टेकतील एवढे जवळ ठेवा, नाहीतर लहान आकारात शब्दाचा भुगा होतो. क, व, ब यांच्या पोटातली पोकळी डोळ्यांना योग्य वाटते त्याहून मोठी ठेवा. लहान होताना आधी तीच बुजते.

सुरुवातीला फाँट घ्यायला हरकत नाही. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘बलू’ आणि ‘मोदक’ हे दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या खेळातही वापरता येतात. ‘मोदक’ गुबगुबीत आहे, मोठ्या चित्रावर फार गोड दिसतो, पण त्याच्या पोकळ्या म्हणजे नुसत्या चिरा आहेत, आयकॉनएवढ्या आकारात त्या नाहीशा होतात. लहान पट्टीसाठी मी ‘बलू’ची जाड वळणं घेते, इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे आकार करून घेते आणि मग एकेक वळण हातानं बदलते. ‘काकवी’च्या वेलांटीचं टोक मी खाली ओघळवलंय. ओघळ एकच. प्रत्येक अक्षरातून थेंब गळायला लागले असते तर भुताच्या खेळाचं नाव वाटलं असतं. फोटोशॉपमध्ये मराठी टाइप करणार असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू आहे ना ते बघा, नाहीतर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. असे मोडके शब्द छापून गेलेले मी बघितलेत, आणि मराठी वाचणाऱ्याला ते खड्यासारखे लागतात.

रोमन लोगो वेगळा करा. गूगल प्लेवर प्रत्येक भाषेच्या पानाला वेगळी चित्रं देता येतात, स्टीमवरही भाषेनुसार कॅप्सूल बदलता येते, त्यामुळं दोन्ही लिप्या एकाच चौकटीत कोंबायची गरज नाही. आणि रोमन अक्षरांवर शिरोरेषा ओढून त्यांना देशी करू नका. रोमनला तिचं स्वतःचं वळण द्या, जाडी आणि रंग तेवढे जुळवा. आयकॉनवर तर नाव घालूच नका, ते खाली लिहिलेलं असतंच.

एकाच चित्राच्या अनेक मांडण्या

मुंगळा, थेंब, काहिलीचा काठ, जमीन आणि लोगो हे पाचही भाग वेगवेगळ्या थरांवर, कापता-हलवता येतील असे ठेवा. कारण पुढं आकारांची रांग आहे. स्टीमला हेडर ९२० बाय ४३०, मुख्य कॅप्सूल १२३२ बाय ७०६, उभी कॅप्सूल ७४८ बाय ८९६, शिवाय लायब्ररीसाठी, म्हणजे घेतलेले खेळ जिथं दिसतात त्या पानासाठी, ६०० बाय ९००. गूगल प्लेला १०२४ बाय ५०० चं फीचर ग्राफिक, म्हणजे खेळाची ओळख करून देणारं आडवं चित्र. हे सगळे आकार एकाच चित्रातून कातरायचे नाहीत, दर वेळी मांडणी नव्यानं करायची. उभ्या चौकटीत थेंब वर आणि मुंगळा खाली, मध्ये काकवीची लांब तार, तिथं हे चित्र सगळ्यात खुलतं. आडव्या पट्टीत तारेला उंचीच मिळत नाही, म्हणून तिथं लोगो डावीकडं मोठा, उजवीकडं फक्त मुंगळ्याचं डोकं आणि थेंब. स्टीमच्या छोट्या कॅप्सूलमध्ये लोगोनंच जवळजवळ सगळी जागा घ्यावी.

लायब्ररी हिरो म्हणून स्टीम ३८४० बाय १२४० चं एक लांबलचक चित्र मागतं. त्यावर अक्षरं चालत नाहीत, लोगो वेगळ्या पारदर्शक फाइलमधून वर बसतो. भावाचं गुऱ्हाळ, चुलवाणाच्या जाळासकट, मी तिथं मनसोक्त रंगवलं. गूगल प्लेच्या आयकॉनचे कोपरे प्ले स्वतःच गोल करतं, ॲपलच्या १०२४ बाय १०२४ च्या आयकॉनलाही तेच, म्हणून चौकोन पूर्ण भरून द्या आणि कोपऱ्यात काही महत्त्वाचं ठेवू नका. फीचर ग्राफिकवर व्हिडिओ जोडला असेल तर मधोमध प्लेचं बटण येतं, तेव्हा मुंगळ्याचा डोळा नेमका तिथं येणार नाही असं बघा.

नियम थोडक्यात. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर खेळाचं चित्र, नाव आणि अधिकृत उपनाव एवढंच चालतं. परीक्षणातली वाक्यं, गुण, पुरस्कारांच्या माळा, सवलतीची अक्षरं चालत नाहीत. गूगल प्लेही ‘नंबर वन’, ‘बेस्ट’, ‘आत्ताच डाउनलोड करा’ असले शब्द आणि किंमत चित्रांत नको म्हणतं. मला हे नियम आवडतात. त्यांच्यामुळं चित्राला काम करावं लागतं.

दाखवा, पण योग्य प्रश्न विचारा

स्टोअरच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, त्यातल्या एका खेळाच्या जागी तुमचं कव्हर चिकटवा आणि ती यादी फोनवर लोकांना दाखवा. सुटं कव्हर दाखवलं तर सगळे ‘भारी झालंय’ म्हणतात, आणि आपल्या गावात तर जरा जास्तच प्रेमानं म्हणतात. ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारूच नका. फोन दोन सेकंद समोर धरा, काढून घ्या, आणि विचारा, ‘यातल्या कशात काय करायचं असेल?’

मी आत्तीला दाखवलं. ती म्हणाली, “त्यो मुंगळा तहानलाय, वरनं मध गळतोय.” मुंगळा कळला, गळणं कळलं, पण मध! आत्तीचा जन्म गुऱ्हाळाशेजारी गेलेला, तिलाच काकवी ओळखू आली नाही तर इतरांना कशी येणार? म्हणून धार दाट आणि तांबूस केली, थेंबाच्या वर लांब तार सोडली, आणि वरच्या कडेला काहिलीचा वाकडा, काळवंडलेला काठ घातला, त्याच्यावरून किंचित वाफ. गुऱ्हाळ कधी न बघितलेल्याला निदान गरम भांडं कळतं, आणि आपल्याकडच्याला काठ बघताच सगळं गुऱ्हाळ आठवतं. पुढच्या वेळी आत्ती म्हणाली, “काकवी हाय. आता त्याला दिऊ नका.” तो खेळच होता, तिनं एका वाक्यात सांगितला.

खेळ बाहेर आल्यावरही काम असतं. गूगल प्लेच्या कन्सोलमध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या पानावर, स्टोअर लिस्टिंगचे प्रयोग करता येतात: काही लोकांना एक आयकॉन, काहींना दुसरा. एका वेळी एकच गोष्ट बदला. जमीन आणि मुंगळा दोन्ही बदलले आणि आकडा हलला, तर कशानं हलला ते कधीच कळणार नाही. स्टीमवर असा प्रयोग नाही, पण किती जणांना कॅप्सूल दिसली आणि किती जण पानावर आले, ते तिथल्या आकड्यांत दिसतं. त्यातही नुसत्या क्लिकवर जाऊ नका. आत नसलेला खेळ कव्हरवर दाखवला की लोक येतात आणि चिडून जातात. स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येतो. मिनिटाच्या डावाच्या खेळात दोन तास म्हणजे पुष्कळ.

चित्र तुम्ही स्वतः काढणार नसाल तर कोल्हापुरात शोधायला लांब जावं लागत नाही, कला महाविद्यालयांतून दर वर्षी उत्तम हाताची मुलं-मुली बाहेर पडतात. त्यांना ‘एक छान कव्हर करून दे’ एवढंच सांगू नका. ते क्रियापदाचं वाक्य द्या, खेळ फोनवर खेळायला द्या, सगळे आकार लिहून द्या. कच्च्या चौकटींचे पैसे वेगळे ठरवा, कारण खरा विचार तिथंच होतो. आणि काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या: थरांसकट मूळ फाइल मिळणार का, चित्र टी-शर्टवर किंवा जाहिरातीत वापरायचं झालं तर त्याचे किती, दुरुस्त्या किती वेळा, आणि खेळाच्या श्रेयनामावलीत चित्रकाराचं नाव कुठं येणार.